रविवारचा डबा माझ्याकडं

९ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज वही घ्यायला लावली. साखर निघाली. घाबरण्यासारखी नाही, पण निघाली. म्हणाल्या, "काका, रोज किती चाललात आणि काय खाल्लंत ते लिहून ठेवायचं." मी म्हटलं, लिहितो की. शाळा माझी चौथीत सुटली, पण चिकलठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. इंजिनिअर लोकांचे नकाशे बघत बघत वाचायला शिकलो आणि मग हाताला लागेल ते वाचत सुटलो. एक वही काय जड आहे.

तर आजचं. हिमायत बागेत दोन फेऱ्या. सकाळी ज्वारीची भाकरी दीड, मेथी, कांदा. दुपारी तेच. चहा दोनदा, त्यातला एक बिनसाखरेचा.

पान उरलंय म्हणून खरी बातमी लिहितो. बागेत सकाळी फिरणारे आम्ही नऊ जण आहोत. केशवराव बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते आणि प्रमोदिनीवहिनी जोडीनं येतात. कडूबा आमच्या कन्नडकडचा, एसटीत कंडक्टर होता. अजून मागच्या सीटला ऐकू जाईल असा बोलतो. बाकीचे पाच आमच्या हडको वसाहतीतलेच. आज ठरलं की दर रविवारी लांबवर चालत जायचं, कुठं तरी सावलीला बसून खायचं, आणि असा सराव झाला की फेब्रुवारीत खुलताबादहून सुलीभंजनच्या डोंगरावर दत्ताला पायी जाऊन यायचं.

खायचं काय, यावर गाडी अडली. बाहेरच्या समोशानं केशवरावांना जळजळ होते, कडूबाला खोकला येतो. मी म्हटलं, "खाण्याचं माझ्याकडं सोडा."

कडूबा म्हणाला, "तू करनार?"

"करण्यात काय आहे? ठरवणं महत्त्वाचं असतं."

सगळे हसले, पण काम माझ्याकडंच आलं. फळं, ताक, चहाचा थर्मास बाकीच्यांनी वाटून घेतला. मुख्य डबा आपला.

घरी येऊन बायकोला, आवडाला सांगितलं. ती म्हणाली, "नऊ जनांचं?"

"नऊच," मी म्हणालो.

११ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस विचार केला. घरातलं जेवण चुलीपासून ताटापर्यंत येतं, तेवढाच त्याचा प्रवास. चालण्याच्या डब्याचं तसं नाही. तो हिंदकळतो, आडवा होतो, वर पाण्याची बाटली बसते, उन्हात तापतो, आणि दोन तासांनी भुकेला माणूस तो उघडतो. म्हणून पदार्थ मऊ राहिला पाहिजे, गळता कामा नये, आणि हातानं तोडून खाता आला पाहिजे. पातळ तर नकोच, हात धुवायला तिथं कोण पाणी ओतणार.

एवढं सगळं तोलून पुरी आणि बटाट्याची सुकी भाजी नक्की केली.

आवडा तूर निवडत होती. म्हणाली, "दशम्या करू का? पीठ दुधात मळलं का दोन दिस मऊ ऱ्हात्यात."

मी म्हटलं, "दशमी बैलगाडीच्या काळातली. आता माणसं बँकेची आहेत."

"बँकेच्या मान्साचे दात लोखंडाचे असत्यात व्हय?"

काय म्हणायचं होतं तिला, कळलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आवडा चारला उठली. साठ पुऱ्या लाटल्या, तळल्या. मी गरम गरम मोठ्या स्टीलच्या डब्यात रचून झाकण दाबून बसवलं. ती म्हणाली, "वाफ तर जाऊ द्या." मी म्हटलं, उष्णता कशी धरून ठेवायची ते फिटरला सांगू नको.

विद्यापीठाच्या मागून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत चाललो. थंडी छान होती. कडुनिंबाखाली बसलो, डबा उघडला. वरच्या पुऱ्या ओल्या, खालच्या चामड्यासारख्या. भाजीचं तेल झिरपून केशवरावांच्या पांढऱ्या पिशवीवर नकाशा उमटलेला. कडूबानं एक पुरी दोन्ही हातांनी ओढली, तुटेना. म्हणाला, "साहेबराव, हिचा पट्टा करून गिरनीला लाव." प्रमोदिनीवहिनींनी मात्र काही न बोलता दोन खाल्ल्या. भल्या आहेत.

घरी आवडानं विचारलं, "कशा झाल्या?"

"झकास," मी म्हणालो. चौदा पुऱ्या परत आल्या होत्या. तिनं त्या मोजल्या नाहीत, गाईला नेऊन घातल्या.

१६ डिसेंबर, सोमवार

निवड बरोबर होती. डबा चुकीचा होता.

संध्याकाळी आवडा म्हणाली, "लेण्यांकडं चढ लई हाय का?"

मी डब्याचं वजन सांगितलं, म्हणजे तिला अंदाज यावा.

"बसायला सावली?"

"कडुनिंब आहे मोठा."

"बाया किती व्हत्या?"

"चार. त्याचा डब्याशी काय संबंध?"

"अंदाज घ्येते," म्हणाली. खरंच की. बायका कमी खातात, पीठ त्या मानानं घ्यावं लागतं. आवडाचा हिशेब पक्का असतो.

२२ डिसेंबर, रविवार

आज दशमी ठरवली. ज्वारीचं पीठ दुधात मळून केलेली, गार होऊ देऊन सुती फडक्यात बांधलेली. कारळाची चटणी एका लहान डबीत, हिरव्या मिरचीचा ठेचा दुसऱ्या. हनुमान टेकडी चढून वर बसलो. पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. नऊ म्हातारी माणसं गप्प बसून खातात याच्यासारखं सर्टिफिकेट नाही.

केशवराव म्हणाले, "साहेबराव, ही कशी काय इतकी मऊ?"

मी दुधाचं सांगितलं. पाण्यात मळलेली भाकरी दोन तासांत का वातड होते, तेही समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. आता मला या कामातलं मर्म सापडलंय असं वाटतं.

घरी आलो तर आवडा डबा उघडून न बघताच विचारते, "वरून काय दिसतं?"

मी म्हटलं, "कारळाची चटणी सगळ्यात आधी संपली."

"ते नाय. वरून. आपलं घर दिसतं का?"

"सगळं गाव दिसतं. घर नाही बघितलं."

"बघायचं ना," ती म्हणाली, आणि डबे घासायला गेली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

चाल: बागेत तीन फेऱ्या. खाणं: भाकरी एक, वांगं, ताक. चहा बिनसाखरेचा, दोन्ही.

आवडा जाधववाडीच्या मंडईतून दोन पिशव्या भरून भाजी घेऊन आली. रिक्षा केली नाही. मी रागावलो. चार-पाच वर्षांमागं चिकुनगुनियात तिचे गुडघे धरले होते, तेव्हापासून मी तिला जपायला सांगतो. ती ऐकत नाही. हल्ली संध्याकाळी अर्धा-पाऊण तास गच्चीवर असते. वाळवण काही नाही या दिवसांत. उतरत्या उन्हाला गुडघे शेकत बसत असेल. बरंच आहे.

५ जानेवारी, रविवार

आज लांब गेलो नाही. बागेतच आंब्याखाली सतरंजी टाकून निवांत बसलो. यातून एक नवी गोष्ट समजली: चालण्याचा डबा वेगळा आणि बसण्याचा डबा वेगळा. चालायचं असेल तर एका हातात मावेल असं न्यावं. बसायचंच असेल तर पसारा चालतो, उलट पसाऱ्यानंच मजा येते. म्हणून आज धपाटे, मडक्यात लावलेलं दही, गाजराची कोशिंबीर, वर फोडणी दिलेल्या मिरच्या. ओल्या फडक्यावर थापलेले धपाटे इतके पातळ होते की केशवराव त्यातून सूर्य बघत होते.

आता लोक "साहेबरावांचा डबा" म्हणतात. बागेतले दुसऱ्या ग्रुपचेही डोकावून जातात.

प्रमोदिनीवहिनी म्हणाल्या, "भाऊ, वहिनींना कधी आणत नाही?"

मी म्हणालो, "तिला घरच बरं वाटतं."

डॉक्टरीणबाईंकडं शुक्रवारी जाऊन आलो होतो. साखर उतरलीय. त्या म्हणाल्या, "काका, असंच चालू द्या." चालूच आहे.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, खिचडी, सगळ्या शेंगा घालून केलेली भाजी. मी आणि पोरगा आधी बसलो, त्याला बिडकीनला ड्युटीवर जायचं होतं. भाजी अशी झाली होती की भांड्याचा तळ दिसला.

ज्वारीच्या कोठीमागं कॅनव्हासचे नवे बूट सापडले. बायकी, निळे. सूनबाईला हाक मारली. "प्रेरणा, तुझे बूट कोठीमागं काय करतायत? उंदीर कुरतडतील."

ती आली, बुटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "राहू द्या बाबा तिथंच. तिथंच बरे आहेत." आजकालच्या मुलींना वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय नाही. बाकी गुणाची आहे.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

दर रविवारी दशमी नाही तर धपाटे, म्हणून बदल करावा असं मनात आलं. आवडा संध्याकाळी मुरमुऱ्याचा कच्चा चिवडा कालवते. कच्चं शेंगदाणा तेल, काळं तिखट, डाळवं, कांदा, कोथिंबीर. नुसता वास आला तरी शेजारची माणसं काहीतरी काम काढून येतात. दशम्यांच्या जोडीला तोच ठरवला. ती म्हणाली, "त्ये तिथंच कालवावं लागतं. आदी कालवलं का लगदा व्हतो." मी म्हटलं, तिथं कोण पसारा घालणार, तू सहाला कालवून दे. तिनं वाद घातला नाही. कालवून दिला.

हर्सूल तलावाच्या बांधावर नऊ वाजता उघडला. लगदा.

कडूबा चमच्यावर घेऊन म्हणाला, "साहेबराव, ह्ये खायचं का पोटाला बांधायचं?" सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले.

प्रमोदिनीवहिनींनी दोन घास खाल्ले. म्हणाल्या, "चव बघा काय आहे! नुसता कुरकुरीतपणा गेलाय. भाऊ, ज्या हातानं हे केलंय तो हातच आणा की. सुलीभंजनला वहिनी आल्या तर आपल्यासमोर कालवतील."

"आणाच," सगळे म्हणाले.

मी म्हणालो, "तिला चालवत नाही. गुडघे."

"विचारा तरी."

"विचारायचं काय? मला माहीत आहे."

२० जानेवारी, सोमवार

सकाळच्या चहाला आवडाला सांगितलं. तिला बरं वाटेल म्हणून सांगितलं. "काल सगळे तुला सुलीभंजनला बोलवत होते. मी तुझ्या वतीनं नाही म्हणून टाकलं. उगं तुझ्या जिवाला ताप नको."

ती चहा गाळत होती. कप बरोबर काठाला टेकेपर्यंत गाळला, एक थेंब सांडला नाही. मग म्हणाली, "बरं केलं."

मला हायसं वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

चाल: तीन फेऱ्या. खाणं: नेहमीचं.

घरात काही बिघडलेलं नाही. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर, कपडे घडी केलेले. तरी काहीतरी चुकतंय. आज दुपारी पडल्या पडल्या ध्यानात आलं: आवडानं तीन दिवसांत रविवारचं काही विचारलं नाही. कुठं जाणार, चढ किती, पाणी कुठं आहे, झाडं कसली, काहीच नाही. मी आपण होऊन सांगायला गेलो की या रविवारी बागेतच बसायचंय, सुलीभंजनच्या आधी पायांना विश्रांती. "बरं," म्हणाली. कारखान्यात एखादं मशीन रोज किर्र करायचं आणि एक दिवस आवाज बंद झाला की आम्ही आधी मेन स्विच बंद करायचो. कारण आवाज बंद होणं हे चांगलं लक्षण नसतं.

प्रेरणासुद्धा मोजकंच बोलते. आज मला विचारलं, "बाबा, आई गच्चीवर गेल्या नाहीत हल्ली. तुम्ही काही म्हणालात का?"

मी म्हटलं, "मी कशाला काय म्हणू?"

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून बागेत जमलो. आवडाला म्हटलं होतं की चिवडा तिथं कालवू, तू सामान दे. तिनं दिलं. मुरमुरे एका पिशवीत, आणि बाकी सगळ्याच्या वेगवेगळ्या पुड्या, दोऱ्यानं बांधलेल्या, एकूण सात, आणि तेलाची बाटली.

मी विचारलं, "किती किती घालायचं?"

"ठरवता तर तुमीच," ती म्हणाली.

परातीत सगळं ओतलं. तिखट एका जागी बसलं, मीठ दुसरीकडं. तेल कमी वाटलं म्हणून वर घातलं, तर खालचे मुरमुरे बुडाले आणि वरचे कोरडेच. कडूबाच्या वाट्याला तिखटाचा गठ्ठा आला. त्याचा खोकला ऐकून माळी धावत आला.

केशवराव हळूच म्हणाले, "साहेबराव, आम्ही तुमच्या पाया पडतो, पण पुढच्या रविवारी दहा किलोमीटर आहेत. त्या दिवशी प्रयोग नको."

सगळ्यांनी कबूल केलं की दशम्या घरून आणि चिवडा वर गेल्यावर, पण नीट कालवलेला. मी हो म्हणालो. कोण कालवणार ते कुणी विचारलं नाही. वहिनी माझ्याकडं बघत होत्या, मी परात पुसत होतो.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस शब्द जुळवत होतो. आज दुपारी आवडा शेंगा फोडत बसली होती, तिथं जाऊन बसलो. मीही शेंगा फोडायला घेतल्या.

म्हटलं, "चिवड्याचं प्रमाण लिहून दे."

"मला कुठं लिव्हता येतं."

"सांग, मी लिहितो."

"प्रमाण हातात असतंय. हाताला सांगता येत न्हाई."

"मग काय करू? सगळ्यांनी कबूल केलंय."

ती शेंगा फोडत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझा हात पायजे आसला तर हात येकला येत न्हाई. पाय बी येतेत त्याच्यासंगं."

मी म्हटलं, "अगं पण गुडघे."

"कुनाचे?"

"तुझे."

"कदी दुखले?"

"चिकुनगुनियात."

"पाच वर्सं झाली अवं त्याला! म्या जाधववाडीला चालत जाते, येते. दोन पिशव्या उचलते. साठ पुऱ्या उभ्यानं तळते. आन् तुमी लोकाला सांगता, तिला चालवत न्हाई. माझ्या पायाचं मला इचारलं का?"

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, आई गच्चीवर रोज चाळीस चकरा मारायच्या. डिसेंबरपासून. बूट मी आणून दिले. तुम्ही पहिल्या रविवारी गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी आवडाला म्हणालो.

"म्हनलं, तुमी इचारताल." टोपल्यातल्या शेंगा संपल्या होत्या तरी तिचा हात टोपल्यातच होता. "रोज इचारलं तुमाला, चढ किती, सावली हाय का, बाया किती. आन् तुमी मला डब्याचं वजन सांगितलं."

लिहायला फार वेळ लागतोय आज. मागची पानं उलटून बघितली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. चढ. सावली. बायका किती. घर दिसतं का. मी ते लिहिलं आणि वाचलं नाही.

संध्याकाळी केशवरावांना फोन केला. "दहा जण धरा," म्हणालो. वहिनींनी त्यांच्याकडून फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, "द्या वहिनींना." मग पाऊण तास फोन आवडाकडं होता. काय बोलत होत्या कळलं नाही, पण आवडा मोठ्यानं हसली दोनदा.

१ फेब्रुवारी, शनिवार

"काय न्यायचं?" मी आवडाला विचारलं. आज ठरवायला बसलो नाही.

तिनं पटापट सांगितलं, जणू कधीचं पाठ होतं. दशम्या पंचवीस, कारण दहा किलोमीटर चालल्यावर बायकासुद्धा जास्त खातात. गुळाचे खडे, चढावर तोंडात धरायला; मला मात्र नाहीत. चटणी शेंगदाण्याची, कारळाची नाही. कारळाची दातांत बसते आणि वर खळखळून चूळ भरायला पाणी पुरवून वापरावं लागेल. ठेचा वेगळा. कांदे अख्खे, तिथं बुक्कीनं फोडायचे. पेरू घ्यायचे नाहीत, खुलताबादलाच मिळतात, ओझं कशाला.

आठ आठवडे मी या विषयावर विचार केला. पेरूचं माझ्या डोक्यात आलं नसतं.

पीठ मी चाळून दिलं. एवढं तरी.

२ फेब्रुवारी, रविवार

पाय ठणकतायत, पण आजचं आजच लिहितो.

पहिल्या एसटीनं खुलताबाद. आवडा निळे बूट घालून, नऊवारीचा काष्टा वर खोचून उतरली. कडूबानं दारातून हाक दिली, "चला, सुलीभंजन, सुलीभंजन! पुढं सरकत चला! आवडाबाई, तुमाला फुल्ल तिकीट, साहेबरावला हाफ!" ती म्हणाली, "त्यास्नी लगेजमधी टाका."

रस्ता सुरू झाला तशी ती आणि प्रमोदिनीवहिनी पुढं. आधी वाटलं जोरात निघालीय, चढाला दमेल. चढ आला. दमलो मी. एका वळणावर दगडावर बसलो, तर वरच्या वळणावरून तिचा आवाज येत होता. कन्नडच्या बाजारात ती लहानपणी बापाबरोबर डोक्यावर पाटी घेऊन किती चालत जायची ते वहिनींना सांगत होती. हे मला कधी सांगितलं नव्हतं तिनं. मी कधी विचारलं होतं का, तेही आठवेना.

वर वारा होता. दत्ताचं दर्शन घेतलं आणि खाली झाडाखाली सतरंजी टाकली. आवडानं परात पुढ्यात घेतली. सगळे गोल करून बसले, भजनाला बसतात तसे. तिनं आधी मुरमुऱ्यांना तेल चोळलं, हळूहळू, दोन्ही हातांनी खालचे वर आणि वरचे खाली करत. मग चिमटीचिमटीनं काळं तिखट, मग डाळवं, शेंगदाणे. कांदा बुक्कीनं फोडून. मीठ सगळ्यात शेवटी. म्हणाली, "मीठ आदी पडलं का कांद्याला पानी सुटतं." केशवराव चष्मा लावून बघत होते.

कालवून झालं आणि ती सवयीनं वाढायला उठली, तर वहिनींनी तिचा हात धरून खाली बसवलं. "बसा हो. इतके दिवस डबा भाऊंचा म्हणून खाल्ला. आज वाढू दे त्यांना."

मी उठलो. वाढायला काय लागतं. केशवरावांना दशमी दीड, ठेचा नाही, चटणी कडेला. वहिनींना एक आणि नंतर हमखास अर्धी. कडूबाला तीन, ठेचा थेट दशमीवर. एकजण दात नसल्यानं चिवडा कमी घेतात, एकीला कांदा चालत नाही, तिच्यासाठी आवडानं बिनकांद्याचा चिवडा आधीच बाजूला काढला होता. हे सगळं मला पाठ आहे, हात न थांबता वाढत गेलो.

आवडापुढं आलो आणि थांबलो.

तिला किती दशम्या लागतात? एक, की तीन? ठेचा खाते का? चटणी खाते की लोणचं? शेहेचाळीस वर्षं झाली. मी जेवायला बसतो तेव्हा ती तव्यापाशी असते, आणि ती जेवते तेव्हा मी पडलेला असतो, नाही तर बाहेर गेलेला. तिला जेवताना मी कधी बघितलेलंच नाही. फडकं हातात धरून उभा राहिलो.

शेवटी विचारलं, "तुला किती वाढू?"

तिनं वर बघितलं. डोळ्यांवर ऊन येत होतं, तिनं हाताची सावली केली.

"वाढीत ऱ्हावा," म्हणाली. "पुरं झालं का म्या सांगन."

एक दशमी वाढली. ठेचा विचारला, तिनं बोटानं दाखवलं, अजून, अजून. चिवडा दोन मुठी. ती घाई न करता खात होती, मध्येच वहिनींशी बोलत, मध्येच दूर तळ्याकडं बघत. दुसरी वाढली. तिसरी वाढली. पुन्हा ठेचा. तिनं पुरं म्हटलं नाही. चौथी वाढली, अर्धी खाल्ली आणि मग ताटावर आडवा हात धरला.

मी सगळ्यांच्या मागून जेवलो. दीड दशमी उरली होती, चटणीची डबी खरवडलेली होती, चिवड्याचे परातीला चिकटलेले चार दाणे. कुणीतरी विचारलं, "साहेबराव, पुरलं ना?" म्हटलं, भरपूर झालं. भूक होती अजून, पण सांगितलं नाही.